पोटरीवरची निळी रेघ

पोटरीवर निळ्या पेनाची रेघ उमटली, तेव्हाच म्हस्कूच्या मनात पाल चुकचुकली.

इनामगावच्या मारुतीपुढच्या सभामंडपात दोन टेबलं मांडून पुण्याच्या एका दवाखान्याची माणसं बसली होती. साठीच्या पुढं माणसाच्या अंगातलं मांस किती आणि कसं उतरत जातं, त्याचा अभ्यास करायला आलोय, असं त्यांनी आदल्या दिवशी स्पीकरवरून सांगितलं होतं. माप घेणारी मुलगी जवळचीच, मांडवगणची होती. अनिता तिचं नाव. म्हस्कूपुढं गुडघे टेकून तिनं त्याचं धोतर वर सारलं, पोटरीभोवती टेप फिरवला, खालीवर सरकवत सगळ्यात जाड जागा शोधली आणि तिथं पेनानं एक आडवी रेघ ओढली. मग पुन्हा टेप लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "एकोणतीस पूर्णांक चार." पलीकडच्यानं ते लिहून घेतलं.

"ही रेघ कशापायी गं?" म्हस्कूनं विचारलं.

"दुसऱ्यांदा मोजताना जागा चुकू नये म्हणून, आबा. पाणी लावलं की जाते."

म्हस्कूनं मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. सत्तरीला टेकलेला तो धनगर. शुक्रवारच्या यवतच्या बाजारात त्यानं उभ्या आयुष्यात हजार मेंढरं विकली असतील. तिथला व्यापारी तोंडानं फार बोलत नाही. मेंढराच्या पाठीवर हात ठेवतो, कमरेपाशी कण्याच्या दोन्ही अंगांना बोटं रुतवतो, लोकरीखाली मांस किती आणि हाड किती ते त्याला तेवढ्यात कळतं. "काय न्हाई, नुसतं बघतोय," असं गोड बोलतो, आणि बोलता बोलता रंगाच्या डब्यात बोट बुडवून पाठीवर एक रेघ ओढतो. रेघ ओढलेलं मेंढरू घरी परत येत नाही.

त्यानंतर त्याला एक लोखंडी मूठ दाबायला दिली. तीनदा जीव खाऊन दाबली तरी काटा एकोणिसाच्या वर चढेना. मग हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला लावलं. चौथ्या वेळेला त्याचं कोपर गुपचूप गुडघ्यावर टेकलं. अनितानं ते पाहिलं आणि पहिल्यापासून करायला लावलं. "सतरा सेकंद," ती म्हणाली. तेही कागदावर गेलं.

"मग? चांगलं का वंगाळ?"

"यात पास-नापास असं काही नसतं, आबा."

तिच्या सगळ्या बोलण्यातलं हेच म्हस्कूला सगळ्यात कमी पटलं. पास-नापास नाही तर माणूस एवढं लिहून कशाला घेईल?

त्याच्या संशयाला कारण होतं. वस्तीवर त्याची बावीस मेंढरं होती. एके काळी दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जाणारा दीडशेचा कळप होता, त्यातली उरलेली ही शेवटची. मुलगा बिरदेव सणसवाडीला कंपनीत होता, बायकोला घेऊन शिक्रापुरात खोली करून राहत होता. श्रावणात मेंढरांमधल्या एडक्यानं म्हस्कूला मागून धडक दिली. तो चिखलात बसला आणि बराच वेळ त्याला उठता आलं नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण बांधावरून कुणीतरी पाहिलं होतं. पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, बिरदेव गाडीवरून आला आणि उतरायच्या आधीच म्हणाला, "आबा, मेंढरं काढून टाका आन् दोघं शिक्रापूरला चला."

"तिथं काय करू? ट्रका मोजू?"

"हितं पडून मेल्यावर लोक मलाच शेण घालतील तोंडात."

महिनाभर ही हमरीतुमरी चालली. शेवटी दसऱ्याच्या सुमाराला बिरदेव वैतागून म्हणाला, "एखाद्या डॉक्टरला म्हणू द्या तुम्ही धड हाय म्हणून. मग मी तोंड उघडणार न्हाई. पर तसं न्हाई म्हणला, तर एक मेंढरू ठेवणार न्हाई."

आणि दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच ही टेबलवाली माणसं गावात. त्यांच्या यादीत म्हस्कूचं नाव तिसरं. नाव कुणी दिलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तसाही टेप घेऊन येणाऱ्या पुण्याच्या माणसांवर त्याचा विश्वास नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या टेकाडावर त्यांनी उकरायचं काम काढलं होतं तेव्हा म्हस्कू दोन उन्हाळे तिथं पाट्या वाहायला होता. जमिनीखालून हजारो वर्षांपूर्वीची माणसं निघाली, हाडंच हाडं. त्यातल्या मोठ्या माणसांना घोट्याखाली पाय नव्हते. पुरतानाच तोडलेले. मेलेल्यानं उठून चालायला लागू नये म्हणून, असं तिथला साहेब म्हणाला होता. आणि ती हाडं ब्रशनं झाडून असाच टेप लावून मोजली होती.

"तवा मेल्याली मोजली, आता जित्ती मोजाया आल्यात," म्हस्कूनं हरिबाला सांगितलं. हरिबा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. "आन् सुरुवात पायापासनंच."

"तुझं पाय कोण नेतंय म्हस्क्या?" हरिबा म्हणाला. "नेऊन ठेवायचं कुठं? वास येतोय मेंढराचा."

दोनच दिवसांनी अनिता वस्तीवर आली. हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन. म्हाळसानं, म्हस्कूच्या बायकोनं, तिला घोंगडी अंथरून दिली, चहा ठेवला. अनितानं एक कागद वाचून दाखवला, म्हस्कूनं तो दोनदा वाचायला लावला आणि त्यात जमीन, घर, जनावर यातला एकही शब्द नाही याची खात्री करूनच अंगठा उठवला.

"मंगळवारी रक्त घ्यायचंय," ती म्हणाली. "उपाशी पोटी या. त्याआधी तीन दिवस मटण, मासे, अंडी बंद. जास्त कष्टाचं काम नाही. आणि सोमवारी सकाळपासून मंगळवारी सकाळपर्यंतची लघवी ह्या कॅनमध्ये."

"मुताचं काय करता?" म्हाळसानं तोंडाला पदर लावून विचारलं.

"मावशी, अंगातलं मांस रोज थोडं झिजतं. त्या झिजल्याचा अंश रक्तात उतरतो आणि लघवीवाटे बाहेर जातो. दिवसाला तो किती जातो ते मोजलं, की अंगावर एकंदर मांस किती आहे त्याचा अंदाज येतो. रक्तात अशा आणखीही खुणा असतात. आतून सूज असली तर एक वाढते. ऊन आणि खाणं कमी पडलं तर एक घटते. कोणत्या खुणेवरनं माणूस लटपटायच्या आधीच ओळखता येईल, ते आम्हाला शोधायचंय."

"म्हंजी न कापता वजन," म्हस्कू म्हणाला.

अनिता हसली. "तसंच म्हणा."

ती गेल्यावर म्हस्कू बराच वेळ त्या कॅनकडं बघत बसला. उपाशी पोटी या. मांस खाऊ नका. कष्ट करू नका. सगळं माणूस रोडका दिसावा असंच. घेणारा माणूस नेहमी हेच सांगतो, जनावर उपाशी दाखवा. आणि विकणारा काय करतो, ते म्हस्कूला कुणी शिकवायला नको होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी मेंढरांना मीठ चारायचं म्हणजे ती पाणी पितात, पोटं गोल दिसतात. लोकर विंचरायची. एडक्याला थोडं पळवून आणायचं म्हणजे त्याची मांडी हाताला घट्ट लागते. यात लबाडी नसते. सगळेच करतात, व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

फरक इतकाच की या खेपेला मेंढरू तो स्वतः होता.

शनिवारी हरिबाच्या नातवाचं जावळ होतं. म्हस्कू पंगतीत दोनदा बसला. रविवारी उरलेल्या मटणाच्या रश्शाचं भगुणं घरी आणलं. म्हाळसा चुलीपुढून म्हणाली, "आवं, त्या पोरीनं न्हाई म्हणलंय न्हवं?"

"त्या पोरीला काय कळतंय?"

म्हाळसा नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आणि म्हस्कूला वाटलं, हिलाही बिरदेवनं फितवलंय.

रविवारी दिवस कलताना त्यानं मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडली, धोतराचा काचा मारला आणि वाघरीच्या आडोशाला जाऊन बैठका काढायला सुरुवात केली. जत्रेच्या फडात कुस्ती करून त्याला चाळीस वर्षं झाली होती. पहिल्या वीस बैठका खांबाला धरून, पुढच्या खांब सोडून. मेंढरं रवंथ करता करता त्याच्याकडं बघत होती. शंभर झाल्या तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण मांडी हाताला दगडासारखी लागली. त्याला बरं वाटलं. सोमवारी सकाळी आणखी शंभर. वर एक लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन घोडनदीची दरड तीनदा चढला.

सोमवारी दुपारी मांड्या भरून आल्या. मंगळवारी पहाटे उंबऱ्याची एक पायरी त्याला पाठमोरं उतरावी लागली. निघण्याआधी तो तांब्याभर मिठाचं पाणी प्यायला. उपाशीच की, पाणी म्हणजे काही खाणं नव्हे.

"काय झालं पायाला?" सभामंडपात अनितानं विचारलं.

"थंडीनं आखडल्यात."

चार नळ्या रक्त निघालं. म्हस्कूनं नळीतलं रक्त निरखून बघितलं. "घट्ट हाय," तो स्वतःशीच म्हणाला. कॅन तिच्या हाती देताना तर त्याला बाजार जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या सोमवारी जीप थेट वस्तीवर आली. अनिताबरोबर एक तरुण डॉक्टर होता. त्याचा आवाज हळू होता आणि म्हस्कूला हळू आवाजाचीच माणसं जास्त धोक्याची वाटायची.

"मांस तुटलं की रक्तात उतरणारं एक द्रव्य असतं," डॉक्टर म्हणाला. "ते तुमच्या रक्तात असायला हवं त्याच्या वीसपट निघालंय. किडनीचा आकडाही वाढलाय. पडला होतात का कुठं? ताप? कसल्या गोळ्या?"

"न्हाई."

"मटण वगैरे?"

"न्हाई."

"अवघड काम?"

"झोपून तर व्हतो."

म्हाळसा दारात बसून ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग उद्या यांना पुण्याला दाखल करावं लागेल," डॉक्टर म्हाळसाला म्हणाला. "घरात आणखी कोण आहे?" तिनं बिरदेवचा मोबाइल नंबर लिहिलेला कागद त्याच्या हातात दिला. जीपपाशी उभं राहून डॉक्टर फोनवर बोलला. म्हस्कूला त्यातले दोनच शब्द ऐकू आले, वय आणि एकटे.

दिवस मावळायच्या आत बिरदेव कंपनीच्या निळ्या कपड्यातच येऊन धडकला. "उद्या पुणं," तो म्हणाला. "आन् शुक्रवारी मेंढरं यवतला. टेम्पो सांगून आलोय."

"लगीच?" म्हस्कू म्हणाला. "का आधीच सांगितला व्हतास?"

"म्हंजी?"

"माझं नाव त्यांस्नी कुणी दिलं? डॉक्टर आणला, त्येच्या तोंडनं वदवून घेतलं, टेम्पो पण तयार. समदं जुळवून आणलंस की रं."

"आबा, तुम्ही रक्त दिलं ते मला दुपारी फोन आला तवा कळलं! काम टाकून आलोय मी. सुपरवायझरच्या हातापाया पडून."

म्हस्कूनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. पोरगं खोटं बोलताना लहानपणी कान खाजवायचं. आत्ता खाजवत नव्हतं. पण कंपनीत राहून माणूस शिकतोच काही ना काही. म्हस्कू उठून मेंढरांत जाऊन बसला. बसताना वाघरीच्या दोरीला धरावं लागलं, आणि ते बिरदेवनं बघितलं हे त्यानंही बघितलं.

सकाळी न्यायला जीप आली ती अनिताला घेऊन. डॉक्टर नव्हता. ती खाटेवर म्हस्कूशेजारी बसली. पिशवीतून कागद काढला, त्याच्याकडं बघितलं, मग म्हस्कूकडं, आणि काही न सांगता त्याच्या मांडीवर अंगठा दाबला.

"अयाई गं!"

"दुखतंय."

"थंडी..."

"आबा, रात्रभर मी ह्या आकड्यांकडं बघत होते," अनिता म्हणाली. "मांस तुटल्याचा आकडा वाढलाय. पण आजारात अंग आतून सुजतं, त्याचा आकडा जवळजवळ जागच्या जागी. आजारी माणसाचं असं नसतं. दुसरं, तुमच्या लघवीवरनं हिशेब केला तर तुमच्या अंगावर पंचविशीतल्या पैलवानाएवढं मांस पाहिजे. मी स्वतः तुमची पोटरी मोजलीय. तेवढं मांस तुमच्या अंगावर नाही. मग ते आलं कुठनं? ताटातनं."

बिरदेव दारात उभा होता. तो एकदम ताठ झाला.

"आणि मांड्या अशा धरतात ते मला माहितीये," ती पुढं म्हणाली. "बारावीत पहिल्यांदा कबड्डीच्या सरावाला गेले, तेव्हा मी चार दिवस जिन्यावरनं पाठमोरी उतरत होते. खोटं बोलू नका. बैठका काढल्या ना?"

लोकरीखालचं मांस बोटानं सांगणारे व्यापारी म्हस्कूनं बघितले होते. दात बघून वय सांगणारे बघितले होते. पण बाजाराआधी तीन दिवस मेंढरानं काय खाल्लं आणि वाघरीआड काय केलं, ते सांगणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता.

"त्या नळीतनं दिसलं तुला?" त्यानं हळूच विचारलं.

"दिसलं."

"किती काढल्या, ते पण?"

"तेवढं नाही दिसत."

"दोनशे," म्हस्कू म्हणाला. अभिमान तोंडातून निसटल्यावर मग त्याच्या लक्षात आलं, काय बोलून बसलो.

"दोनशे?" बिरदेव ओरडला. "ह्या वयात दोनशे? मला वीस निघत न्हाईत!"

म्हाळसानं भिंतीकडं तोंड केलं होतं. तिचे खांदे हलत होते.

अनिता मात्र हसली नाही. "किडनी बसली असती, आबा. ही मस्करी नाही. आणि तुमचा आकडा तसाच धरला असता तर शंभर माणसांचा अभ्यास चुकला असता. मी सगळ्यांना एकसारखं उपाशी बोलावते, एकसारखं खायला सांगते, ते माणूस रोडका दिसावा म्हणून नाही. एकाच्या पोटात मटण आणि दुसऱ्याच्या पोटात भाकरी असली, तर कुणाचं अंगचं आणि कुणाचं ताटातलं, हे कळणार कसं?"

ते म्हस्कूला कळलं. मीठ चारलेल्या आणि न चारलेल्या मेंढरांची तुलना करायची म्हटलं तर तोही असंच म्हणाला असता.

"पण एवढं कुणाला दाखवायला केलंत?" तिनं विचारलं.

वाघरीतून एक मेंढी ओरडली. अनितानं तिकडं बघितलं, मग दारातल्या बिरदेवकडं, आणि तिला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

अनितानं डॉक्टरला फोन करून खरं कारण सांगितलं, आणि त्या दिवशी त्याला पुण्याऐवजी जवळच्या शिरूरला नेलं. सलाईन लावलं, पाणी भरपूर पाजलं, दोन दिवसांत किडनीचा आकडा खाली आला. परत येताना गाडीवर मागं बसलेल्या म्हस्कूला बिरदेव मान न वळवता म्हणाला, "टेम्पोवाल्याला नगं म्हणून सांगितलंय. दुसऱ्या रक्तापतोर थांबतो. त्येच्या म्होरं न्हाई."

तीन आठवड्यांनी दुसरं रक्त ठरलं. या खेपेला म्हस्कूनं सांगितलं तसं केलं. चार दिवस भाकरी, डाळ, दूध. चार दिवस खाटेवर. मेंढरांमागं पहिले दोन दिवस रजा टाकून बिरदेव गेला. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, शर्टाला बाभळीचे काटे आणि एका शेतकऱ्याच्या शिव्या खाऊन तोंड उतरलेलं.

"उसात शिरली व्हय?" म्हस्कूनं खाटेवरून विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला पण दिसतंय की नळीतनं."

उरलेले दोन दिवस म्हाळसा गेली. ती कुणाला काही न सांगता सकाळी घोंगडी घेऊन निघायची आणि वेळेवर परतायची. दुसऱ्या संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या पदरात ओलं कोकरू होतं. रानात एक मेंढी व्यायली होती. म्हस्कूनं कोकराची नाळ बघितली, नीट बांधलेली. त्या रात्री त्यानं कोकराला दोनदा हात लावून बघितला.

निकाल घेऊन अनिता गुरुवारी आली, एकटीच, एस्टीनं. बिरदेवची सुट्टी होती, तो भिंतीला टेकून बसला होता.

"खरं सांगू?"

"आता खोटं सांगून काय करती?" म्हस्कू म्हणाला.

"किडनी चांगली आहे. साखर नाही, सूज नाही. पण अंगावरचं मांस कमी झालंय, आबा. तुमच्या उंचीच्या माणसाला पाहिजे त्याहून बरंच. मूठ सांगते, खुर्ची सांगते, आता रक्त आणि लघवीही तेच सांगतायत. ऊन तुम्हाला भरपूर मिळतं, तो आकडा आमच्या पुण्याच्या माणसांपेक्षा बरा आहे. पण उतार लागलाय."

"थांबत न्हाई?"

"थांबत नाही. सावकाश करता येतो. दूध, डाळ, जमेल तेव्हा अंडं. आणि रोज दहा-दहा वेळा उठ-बस. दोनशे नाही."

हे सगळं पुढच्या प्रश्नासाठी होतं, आणि तो विचारायला म्हस्कूला धीर होत नव्हता. "आन् मेंढरं?"

"त्यातलं माझ्या कागदावर काही लिहिलेलं नसतं," अनिता म्हणाली. "काय ठेवायचं, काय विकायचं, ते ह्यातनं निघत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

म्हस्कूनं ते वाक्य मनात उलटंपालटं करून बघितलं. त्यात कुठं फासा दिसेना. महिनाभर तो ज्या माणसांपुढं अंग चोरून उभा होता, त्यांना त्याची मेंढरं नकोच होती. त्यानं बिरदेवकडं बघितलं. 'बघा, म्हणलं न्हवतं का,' असं आता तो म्हणेल, आणि त्याला काय उत्तर द्यायचं तेही म्हस्कूनं जुळवून ठेवलं होतं. पण बिरदेव बोललाच नाही. तो जमिनीकडं बघत नखानं शेणाच्या सारवणाचा पोपडा काढत होता. भांडायला समोर कुणी नव्हतं.

"श्रावणात एडक्यानं पाडलं," म्हस्कू म्हणाला, "ते तुम्हाला कळलं. पर त्याच्या मागनं आणिक दोनदा पडलो. एकदा नदीच्या पाण्यात. दोन्ही हात टेकून वर आलो." तो थांबला. "एकट्याला न्हाई जमत आता."

वाघरीत कोकरू मेंढीला लुचत होतं.

"दीड वरीस लागलं ह्या एका वाक्याला," म्हाळसा म्हणाली.

म्हस्कूनं वळून बघितलं.

"नाव म्या दिलं," ती म्हणाली. "अंगणवाडीच्या बाईला सांगून. ह्या पोराला उगा घालून पाडून बोलला तुम्ही."

"तू?"

"रोज सकाळी उठताना माझ्या खांद्यावर हात टेकता. दीड वरीस झालं, तो हात महिन्याला जड व्हत चाललाय. इचारलं तर म्हणता, घोंगडी सारत व्हतो. मग म्या कुणाला इचारायचं? मेंढराला?"

अनिता उठून तुळशीपाशी गेली आणि उगाचच पिशवी आवरू लागली.

"मग शुक्रवारी..." बिरदेवनं सुरुवात केली.

"शुक्रवारी एडका ने," म्हाळसानं त्याला मधेच तोडलं. "तेवढाच ने. तो माणूस पाडतोय. बाकीची एकवीस आन् हे कोकरू, मी आन् हे मिळून बघू. एकट्यानं जमत न्हाई म्हणलं त्यांनी. दोघांनी जमत न्हाई, असं कुठं म्हणलं?"

"आई, तू? दिसभर रानात?"

"कोकणात कोण जात व्हतं रं? डोक्यावर बिऱ्हाड आन् कडेवर तू. रडका."

बिरदेव हसला, मग चेहरा परत गंभीर करायचा प्रयत्न केला. तो काही साधला नाही. "दर गुरुवारी येऊन बघणार मी," तो म्हणाला. "पडलेलं कळलं, तर मग ऐकणार न्हाई."

"कळंल," म्हस्कू म्हणाला. "आता मी सांगंन."

शुक्रवारी एडका गेला. म्हस्कू बाजारात गेला नाही. बिरदेव टेम्पोत बसला तेव्हा म्हस्कू विहिरीकडं गेला होता आणि टेम्पोचा आवाज बंद होईपर्यंत तिकडंच थांबला.

त्यानंतरच्या सकाळी दोघं मेंढरं घेऊन निघाली. इतकी वर्षं म्हस्कू पुढं असायचा. आता म्हाळसा पुढं चालत होती आणि तो मागं, लंगड्या मेंढीच्या चालीनं. मागून त्याला तिची पाठ दिसत होती, काखेत कोकरू, खांद्यावर घोंगडी. एवढा महिना ही बाई सगळं ठाऊक असून ज्वारी निवडत बसली होती. मटण खाताना बघत होती. वाघरीआडच्या बैठकाही हिनं मोजल्या असतील. मग त्या पोरीला ते नुसतं नळीतनंच दिसलं असेल?

"म्हाळसे," त्यानं हाक मारली. "आणिक काय काय सांगितलंयस त्या पोरीला माझ्याबद्दल?"

"सांगंन कवातरी."

"आत्ता सांग की."

"चला बिगीबिगी. उन्हं वर आली."

पुढं दरड होती. मेंढरं चढून गेली, त्यांच्यामागून म्हाळसा. वर पोचून तिनं कोकरू खाली सोडलं, वळली आणि हात खाली केला. म्हस्कूनं नदीच्या अल्याड-पल्याड बघून घेतलं. कुणी नव्हतं. त्यानं तिचा हात धरला, वर आला आणि लगेच सोडून दिला.